सर्ट्रालीन सुरू केल्यावर घबराट उलट वाढली. चालू ठेवू की थांबवू?

अर्धविराम:

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते, घरूनच. हे आधी सांगतेय कारण त्रास दिसायला लागला तो कामातच. तपासून पाठवलेली फाइल रात्री पुन्हा उघडायची, पुन्हा वाचायची, मग पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन बरोबर तीच फाइल गेली ना हे बघायचं. गणिताच्या एका पुस्तकाची उत्तरसूची मी इतक्या वेळा पडताळली की शेवटी बरोबर उत्तरंही चुकीची दिसायला लागली. पहाटे चारला जाग, छातीत धडधड. आणि सकाळ झाली की अंथरुणातून उठवत नाही, आंघोळ नको, बोलणं नको. फोन वाजला की तळहाताला घाम. मी बहिणीचेही फोन घेईनाशी झाले तेव्हा तीच येऊन मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली.

तिथे दोन प्रश्नावल्या भरून घेतल्या. नैराश्याचे नऊ प्रश्न, २७ पैकी १७ (गुण जास्त म्हणजे त्रास जास्त). चिंतेचे सात प्रश्न, २१ पैकी १५. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन सगळं ठीक निघालं. सर्ट्रालीन ही नैराश्य आणि चिंतेवरची गोळी, २५ मिलिग्रॅम एक आठवडा आणि मग ५०, असं लिहून दिलं. सोबत घबराट लगेच शमवणारी क्लोनाझेपाम पाव मिलिग्रॅम, रात्री, तेही फक्त सुरुवातीचे दहा दिवस. समुपदेशन सांगितलंय, पण पहिली वेळ पुढच्या पंधरवड्यातली मिळाली.

पहिला आठवडा मळमळ आणि पातळ जुलाब, बाकी काही नाही. ५० वर गेल्यापासून मात्र आतून कुणीतरी ढकलत असल्यासारखं होतंय. दात आवळले जातात, जांभया थांबत नाहीत (झोप आलेली नसताना!), आणि ज्या घबराटीसाठी गोळी घेतली तीच दुपारी दीडपट होऊन येते. मूड तसूभरही सुधारलेला नाही.

घरात दोन पक्ष आहेत. नणंदेचं म्हणणं, "एकदा लागल्या की सुटत नाहीत या गोळ्या." नवरा समजूतदार आहे, पण त्याने कुठेतरी वाचलं की सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन कमी होतं म्हणून नैराश्य येतं हा सगळा सिद्धांतच निकालात निघालाय. मग ही गोळी नक्की काय दुरुस्त करतेय, असं तो विचारतो आणि माझ्याकडे उत्तर नाही.

ज्यांनी स्वतः घेतल्यात किंवा ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी कृपया लिहा. बरं वाटायच्या आधी वाईट वाटतं हे खरं, की ही गोळी मला चालत नाहीये? "सकारात्मक राहा" हे सोडून काहीही चालेल.


वाटसरू:

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शरीर सांगतंय ना की नको, मग ऐका त्याचं. हे औषध म्हणजे कुबड्या. रोज चालणं, प्राणायाम आणि मोबाइल बंद, एवढ्यावर माझा मित्र बरा झाला. गोळी आजच बंद करा.


रात्रपाळी:

वाटसरू, तुमच्या मित्राचं बरं झालं, आनंद आहे. पण न बघितलेल्या माणसाला "आजच बंद करा" सांगू नका. चालण्याशी माझं भांडण नाही, मी स्वतः चालतो. १७ गुण असलेल्या आणि आंघोळीलाही न उठणाऱ्या माणसाला रोज चालायला जा म्हणणं सोपं आहे, एवढंच.

अर्धविराम, मी पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसवर असतो. तुमची फाइल तसा माझा व्हॉल्व्ह. बंद केलेला व्हॉल्व्ह बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जायचो. तेव्हा तुमचं वाचताना मला फार काही समजावून घ्यावं लागलं नाही.

पहिलं आणि महत्त्वाचं. तुम्ही म्हणताय ते आतून ढकलणं किती आहे? एका जागी बसवत नाही, पाय स्वस्थ राहत नाहीत, येरझारा घालाव्या लागतात, असं असेल तर उद्यावर न टाकता डॉक्टरांना फोन करा. आणि मरणाचे विचार नव्याने आले असतील किंवा वाढले असतील तर फोनवर थांबू नका, बहिणीला सोबत घेऊन थेट जवळच्या रुग्णालयात जा. हे मी घाबरवायला नाही लिहीत. मला पहिल्या भेटीत कुणी हे विचारलंच नव्हतं, म्हणून मी आता प्रत्येकाला विचारतो.

तसं काही नसेल तर तुम्ही लिहिलंय ते मला ओळखीचं आहे. मी आधी एस्सिटॅलोप्राम, म्हणजे याच प्रकारची गोळी, घेत होतो. सुरुवातीचे आठवडे त्रास पुढे आणि फायदा मागे असाच प्रकार. मळमळ गेली, मग जांभया गेल्या, डोक्यातली कुरकुर शेवटी गेली. मूडचं म्हणाल तर तो सगळ्यात उशिरा हलला, आणि हलला तेव्हा मला कळलंही नाही. आमच्याकडे दर तासाला दाबाचे आकडे लॉगबुकात लिहायचे असतात. सोबतचा माणूस एका पहाटे म्हणाला, हल्ली तू मागची पानं उलटत नाहीस. मी खरंच उलटत नव्हतो. आनंदी वगैरे काही झालो नव्हतो, फक्त ते उलटणं थांबलं होतं.

त्यामुळे माझा सल्ला असा की "बरं वाटतंय का?" हा प्रश्न रोज स्वतःला विचारू नका. त्याचं उत्तर रोज "नाही" असंच येतं. मी लॉगबुकाच्या सवयीने चार गोष्टी लिहायचो: कितीला जाग आली, किती वेळा परत जाऊन तपासलं, जेवलो का, कुणाशी आपणहून बोललो का. तुम्ही फाइल किती वेळा उघडली ते लिहा. डॉक्टरांसमोर बसल्यावर "तसंच आहे" एवढंच सुचतं माणसाला, तेव्हा ही वही कामी येते.

आता नणंदेचा मुद्दा. तो पूर्ण खोटा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एस्सिटॅलोप्रामने चिंता गेली पण शरीरसंबंधाची इच्छाच गेली, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही. मी डॉक्टरांना विचारल्यावर औषध बदललं, व्हेनलाफॅक्सीन आलं. त्यावर मी बराच काळ चांगला राहिलो. डोस वाढवून मागावा असं कधी वाटलं नाही, गोळीची ओढ लागली असंही नाही. पण सोडताना मात्र शरीराने हिशेब मागितला. १५० मिलिग्रॅमवरून ७५ वर येताना काही वाटलं नाही. ७५ वरून ३७.५ थोडी चिडचिड. आणि ३७.५ वरून शून्य, जी कागदावर सगळ्यात लहान पायरी दिसते, तिथे डोळे एका बाजूला वळवले की डोक्यात करंट बसल्यासारखा झटका. चक्कर, रंगीबेरंगी भयानक स्वप्नं, उगाच रडू. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा ३७.५ सुरू केलं, दोन दिवसांत झटके थांबले, आणि मग फार हळूहळू उतरवलं. आता बंद आहे.

म्हणजे दारूसारखं व्यसन नाही. पण मेंदूला सवय होते आणि सोडायला वेळ द्यावा लागतो, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नणंदेला एवढं सांगा: सुटतात, पण आपल्या मनाने एका दिवसात सोडायच्या नसतात.


फार्मसी_काउंटर:

रात्रपाळी यांच्याशी सहमत. मी औषधनिर्माता आहे, त्यामुळे काउंटरवर दिसतं तेवढंच लिहितो.

मळमळ, जुलाब का, तर शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं. सर्ट्रालीनला जुलाब जास्त, हे नेहमीचं आहे. काही खाल्ल्यावर घेतली तर मळमळ कमी वाटते. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री, पण डॉक्टरांना विचारून एक वेळ ठरवा आणि ती पाळा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

लोक विचारत नाहीत तो मुद्दा म्हणजे बाकीची औषधं. पाठ दुखली की आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, किंवा ॲस्पिरिन आपण सहज घेतो. ही औषधं आणि सर्ट्रालीन एकत्र आली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरं. ट्रामाडॉल नावाची वेदनाशामक गोळी, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली खोकल्याची सिरप्स, आणि नैराश्यावरची म्हणून विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, यांच्यासोबत सेरोटोनिन नको इतकं वाढू शकतं. ताप, थरथर, स्नायू ताठ होणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची खूण, आणि ती तातडीची बाब आहे. कोणतंही औषध घेताना "मी सर्ट्रालीनवर आहे" हे वाक्य आधी बोला. लाज वाटते म्हणून लोक हेच लपवतात.

क्लोनाझेपामबद्दल. घरात ज्या सवयीची भीती आहे ती खरी या गोळीला लागू पडते. अर्ध्या-एक तासात बरं वाटतं, म्हणूनच ती हवीशी होते. डॉक्टरांनी दहा दिवस म्हटलंय तर दहाच. जुन्याच चिठ्ठीवर आणखी एक पाकीट मागणारे माझ्याकडे रोज येतात. आणि उलट बाजू, जे महिनोन्‌महिने रोज घेत आलेत त्यांनी ती अचानक तोडू नये, फिट (आकडी) येऊ शकते.


अर्धविराम:

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा पहिला प्रश्न वाचून मी थांबले आणि खरंच विचार केला. मरणाचे विचार नाहीत. आधी "आपण नसतो तर बरं" असं कधीतरी यायचं, ते तेवढंच आहे, वाढलेलं नाही. डॉक्टरांना तेही सांगितलं होतं. येरझारा मात्र घालते, दुपारी तीन ते पाच. बसून एक पान सलग वाचता येत नाही. उद्या सकाळी दवाखाना उघडला की फोन करते.

फाइल मोजायला लागले. काल रात्रीचा आकडा इथे लिहिणार नाही.

नवऱ्याच्या प्रश्नाचं कुणी उत्तर देईल का? तो टोमणा मारत नाहीये, त्याला खरंच कळून घ्यायचंय.


मनाची_ओपीडी:

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे डोसबद्दल बोलणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. फोन करताय हे योग्य. फोनवर "अस्वस्थ वाटतं" असं मोघम न सांगता "दुपारी दोन तास बसवत नाही, डोस वाढवल्यापासून" असं सांगा. या वाक्याने निर्णय बदलतो. चिंता विकार असलेल्यांना हा सुरुवातीचा त्रास जास्त होतो आणि म्हणूनच त्यांना २५ पासून सुरू करतात.

आता तुमच्या पतींचा प्रश्न. त्यांनी वाचलंय ते बहुधा २०२२ च्या जुलैमधल्या एका मोठ्या आढाव्याबद्दल. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला सातत्याने टिकणारा पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. खरं सांगायचं तर आमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यात धक्कादायक काही वाटलं नाही. "तुमच्या मेंदूतलं एक रसायन कमी झालंय, ते गोळीने भरून काढू" हे स्पष्टीकरण दवाखान्यात सोयीचं म्हणून चालत आलं. मला ते कधीच आवडलं नाही, कारण उद्या ते खोटं ठरलं की रुग्णाला औषधच खोटं वाटतं. तुमच्या घरी नेमकं तेच झालंय.

मुळात या औषधांचा शोध सिद्धांतातून लागलेलाच नाही. १९५० च्या दशकात क्षयरोगावर इप्रोनियाझिड दिलं जात होतं, ते घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले. इमिप्रामीन स्किझोफ्रेनियासाठी तपासलं जात होतं. तिथे ते निरुपयोगी ठरलं आणि नैराश्यात मात्र उपयोगी पडलं, हे स्वित्झर्लंडमधल्या रोलांड कून यांच्या ध्यानात आलं. औषधं आधी आली, ती का चालतात याची कथा नंतर रचली गेली. चेतापेशी सोडलेलं सेरोटोनिन परत शोषून घेतात, ते गोळी घेतल्यावर काही तासांतच अडवलं जातं, पण फरक पडायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडे लागतात. नुसती भर घालण्याचा मामला असता तर संध्याकाळपर्यंत बरं वाटायला हवं होतं. त्या मधल्या काळात चेतापेशींचे परस्परसंबंध हळूहळू बदलत असावेत, असा आजचा अंदाज आहे. अंदाजच.

मग उपयोग होतो हे कशावरून? औषध आणि नकली (औषध नसलेली) गोळी यांची तुलना करून. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नैराश्यावरच्या २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्र अभ्यास आला, सुमारे एक लाख सोळा हजार प्रौढ रुग्णांचा. सगळी २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. पण तो फरक सरासरीने माफकच होता, हेही पतींना सांगा. सरासरीच्या आड असं असतं की काहींना खूप फायदा होतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही, आणि कुणाला कोणतं लागू पडेल हे आधी सांगणारी चाचणी आज आमच्याकडे नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधावर पूर्ण लक्षणमुक्त झालेले तिघांतले जेमतेम एक होते. म्हणून पहिलं औषध चाललं नाही तर "मीच बरी होणार नाही" असा अर्थ काढू नका. बदलता येतं. समुपदेशनाची वेळ सोडू नका. पुन्हा पुन्हा तपासण्याच्या सवयीवर वर्तनोपचार थेट काम करतात, आणि प्रश्नावलीत तुमच्याइतके गुण असतील तर औषध अधिक समुपदेशन ही जोडी एकट्या औषधापेक्षा बरी.

किती दिवस घ्यायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारणारच. पहिलीच वेळ असेल तर पूर्ण बरं वाटायला लागल्यानंतर साधारण सहा ते बारा महिने. बरं वाटलं म्हणून लगेच थांबवल्यास आजार परतायची शक्यता बरीच वाढते. पुन्हा पुन्हा येणारं नैराश्य असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. रात्रपाळी यांना शेवटची पायरी सगळ्यात जड गेली त्यालाही कारण आहे. डोस आणि परिणाम सरळ रेषेत चालत नाहीत. औषध मेंदूत ज्या जागांवर काम करतं त्यातल्या बऱ्याच जागा कमी डोसलाही व्यापलेल्या असतात, त्यामुळे शेवटचे थोडे मिलिग्रॅम काढताना फरक मोठा पडतो. व्हेनलाफॅक्सीन आणि पॅरॉक्सेटीन या औषधांना हे जास्त. फ्लुऑक्सेटीन शरीरात दीर्घकाळ रेंगाळतं म्हणून तिथे कमी.

आणखी दोन गोष्टी, इतर वाचकांसाठी. आयुष्यात कधी असा काळ आला असेल की झोप दोन-तीन तासच पण थकवा नाही, विचार सुसाट, खर्च बेसुमार, तर औषध सुरू करण्याआधीच सांगा. ते द्विध्रुवी विकाराचं लक्षण असू शकतं आणि नुसत्या या गोळीने उन्माद उसळू शकतो. आणि रुग्ण लहान किंवा तरुण असेल तर सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलतानाचे दिवस घरच्यांनी लक्ष ठेवावं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २००४ मध्ये मुलांसाठी आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशारा छापायला लावला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. इशाऱ्याचा अर्थ औषध देऊ नका असा नाही, नजर ठेवा असा आहे.


वाटसरू:

डॉक्टर, हे सगळं मान्य केलं तरी तुम्ही स्वतःच म्हणताय की तिघांतला एक. मग दोघांचं काय? माझा आक्षेप तिथेच आहे.


मनाची_ओपीडी:

वाटसरू, तो आकडा पहिल्या औषधाचा आणि पूर्ण लक्षणमुक्तीचा आहे. उरलेल्यांतल्या काहींना अर्धवट फायदा झाला होता, काहींना पुढच्या औषधाने किंवा समुपदेशनाने झाला. काहींना कशानेच नाही, आणि त्यांच्यासाठी वेगळे उपचार लागतात. आक्षेप घ्या, मला चालेल. फक्त "आजच बंद करा" तेवढं मागे घ्या.


वाटसरू:

तेवढं घेतलं मागे.


अर्धविराम:

फोन झाला. "दुपारी दोन तास बसवत नाही, डोस वाढवल्यापासून" हे वाक्य कागदावर लिहून वाचूनच दाखवलं. डॉक्टरांनी ५० थांबवून पुन्हा २५ वर आणलंय, सकाळी नाश्त्यानंतर. आठवडाभराने दीड गोळी, म्हणजे ३७.५, आणि ते जमलं तरच ५०. क्लोनाझेपाम ठरलेल्या तारखेलाच बंद. बसवत नाही हे वाढलं तर वेळ न घेता या, असंही म्हणाले. मी डोकेदुखीला आयबुप्रोफेन घेत होते, तेही सांगितलं, बंद करायला लावलं.

नवऱ्याला डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. क्षयरोगाचा भाग त्याला पटला. "म्हणजे का चालतं ते नक्की कुणालाच माहीत नाही," म्हणाला, आणि मग गोळ्यांचं वेळापत्रक त्यानेच फ्रिजवर लावलं. नणंदेशी अजून बोलले नाही, या आठवड्यात ते माझ्याच्याने होणार नाही.

रात्रपाळी, एक विचारायचं राहिलं. औषध बदलल्यावर ती इच्छा परत आली का? इथे विचारायला संकोच वाटतोय, पण मग कुठे विचारणार?


रात्रपाळी:

आली, पण लगेच नाही आणि पूर्वीइतकी नाही. पूर्ण परत आली ती औषध सुटल्यावर. काही लोकांना सुटल्यानंतरही हा त्रास राहतो, म्हणून जाणवलं तर लवकर सांगा, साठवून ठेवू नका. व्हेनलाफॅक्सीनलाही हा दुष्परिणाम असतो, मला कमी झाला एवढंच. मिर्टाझापीन, ब्युप्रोपिऑनसारख्या औषधांत तो कमी असतो, मात्र ती चिंतेवर कितपत चालतील हे डॉक्टरच सांगतील. आणि हे आत्ताच बोलायची गरज नाही. आधी दुपारी तीन ते पाच बसता येऊ दे.